गप्पांतलं इंग्रजी: ‘वेंट’ की ‘गो’?
कालची घटना सांगताना ‘आय वेंट इन अँड सॉ हिम’ म्हटलं की काम भागतं. पण इंग्रजी बोलणारा गप्पांत रंगला की मध्येच वर्तमानकाळात शिरतो: ‘सो आय वॉक इन, अँड ही सेज...’ आपणही म्हणतोच की, ‘मी दार उघडतो, बघतो तर काय!’ तीच युक्ती. मात्र आधी ‘यस्टरडे’ म्हणून भूतकाळाची खुंटी रोवावी आणि ऐन रंगात आल्यावरच उडी मारावी. ‘ही सेज’ तर इतकं रुळलंय की आजूबाजूची क्रियापदं भूतकाळी असली तरी खपतं. पोलिसांत जबाब देताना किंवा नोकरीच्या मुलाखतीत मुकाट ‘वेंट’. विनोदाला मात्र, माझ्या मते, वर्तमानकाळच हवा: ‘अ मॅन वॉक्स इंटू अ बार...’ इथे ‘वॉक्ड’ म्हटलंत की अर्धा हशा गेला.