सायकलसाठी पट्टा आखावा की कर्ब घालून वेगळा ट्रॅक?

तालुक्याच्या गावात सायकलमार्गाचा विषय निघाला की नगर परिषदेसमोर दोनच पर्याय येतात. आहे त्याच रस्त्याच्या कडेला पट्टा आखून लेन काढायची, नाहीतर कर्ब, म्हणजे उंच सिमेंटचा काठ, घालून वेगळा ट्रॅक करायचा. खर्चाचा आणि रुंदीचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो, तो सोडतो. एवढंच, की दीड मीटर मोकळी जागा दोन्ही पर्यायांत लागते आणि तीत नालीची जाळी धरायची नाही.

कागदावर ट्रॅक सरस ठरतो. मानव विकास या सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलीवर आठवी-नववीतल्या मुली शाळेत निघाल्या आहेत आणि शेजारून कापसाचा ट्रक जातोय, तर मध्ये कर्ब असलेला बरा, यात वाद नाही. पट्ट्यावर काळीपिवळी थांबते, ऑक्टोबरात लोक सोयाबीन वाळत घालतात, पोलीसही दुर्लक्ष करतात.

तरी मन पट्ट्याकडे झुकतं, ते झाडूमुळे.

रस्त्याचा ढाळ कडेकडे असतो. पाऊस पडला की वावरातून ट्रॅक्टरच्या चाकाला लागून आलेली काळी माती, मुरूम, चुरी हे सगळं वाहत कडेला येतं आणि कर्ब लागला तिथेच बसतं. वाळल्यावर त्याचे खडे होतात. पावसाळा सरताना कडेचे सराटे पिकतात. सराटा कसाही पडो, त्याचा एक काटा वर राहतोच. कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या भरून बैलबंडी गेली की तेही काटे मागे पडतात. ट्रॅकमध्ये झाडणारी ट्रॉली शिरत नाही, सफाई कामगाराच्या बीटात, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या भागात, ट्रॅक नसतो. दोन पंक्चर झाली की मुली ट्रॅक सोडून डांबरावर येतात, आणि मग बाजूला कर्ब असल्यामुळे ट्रक आला तर त्यांना कडेलाही सरकता येत नाही.

पट्ट्यावर दुचाकीवाले घुसतात म्हणून आपण नाक मुरडतो, पण त्यांच्याच चाकांनी तो बऱ्यापैकी साफ राहतो.

कर्बचं दुसरं दुखणं डांबरीकरणाचं. दर थराला रस्ता २५ ते ४० मिलिमीटर वर चढतो, ट्रॅक तिथेच राहतो. दोन थरांनंतर त्याची नालीच होते. दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यासारखी खोल काळी माती असेल तर कर्ब पावसाळ्यात उचलला जातो, उन्हाळ्यात भेगांत कलतो. खाली चांगला दाबलेला मुरूम नसेल तर रांग सरळ राहत नाही. शिवाय १५० मिलिमीटर उंच कर्बला खाली आलेलं पॅडल अडतं. अरुंद ट्रॅकमध्ये सायकल आडवी होते ती बहुधा यामुळेच.

पट्टा आखायचाच तर डांबरीकरणाच्या कामातच आखून घ्यावा. साधा रंग एका पावसाळ्यात जातो. थर्मोप्लास्टिक, म्हणजे वितळवून घालायचा जाड रंग, अडीच मिलिमीटर जाड, काचेच्या मण्यांसह मारावं. पृष्ठभाग कोरडा हवा, धूळ आधी झाडून काढलेली हवी, नाहीतर पापुद्रे निघतात. सिमेंट रस्त्यावर आधी प्रायमर मारल्याशिवाय ते धरत नाही. अख्खी लेन रंगवू नये, ओल्यात चाक घसरतं. दोन रेषा आणि सायकलचं चिन्ह पुरे. साइडपट्टी मुरूम दाबून डांबराच्या पातळीत आणावी, कारण तुटलेल्या कडेवरून खाली गेलेलं चाक परत वर चढताना सायकल पडते. नालीवरच्या जाळीच्या सळया रस्त्याला आडव्या बसवाव्यात. उभ्या सळयांत चाक सरळ आत जातं.

सुरुवात शाळा ते एसटी स्टँड या टप्प्यापासून करावी. शाळा भरताना आणि सुटताना कोणत्या फाट्यावर सायकली जास्त वळतात ते मोजून घ्यावं आणि पुढचा टप्पा तिकडे न्यावा. गावाच्या मध्यात दर सात-आठ मीटरवर घराचं नाहीतर दुकानाचं दार असतं. तिथे ट्रॅक केला तर प्रत्येक दारापुढे चढ-उतार होतो.

महामार्ग गावातून जात असेल, कापसाच्या जिनिंगच्या हंगामात ट्रकांची रांग लागत असेल, तर तेवढ्या तुकड्यापुरता ट्रॅक करावाच लागेल, असं वाटतं. तिथे कर्ब सलग नको. दर तीन मीटरला फूटभर फट सोडावी म्हणजे पाणी निघून जातं. उंची १०० मिलिमीटरच्या आत आणि आतली बाजू उतरती ठेवावी. आणि अंदाजपत्रक मंजूर करण्याआधी सफाई पाहणाऱ्या आरोग्य विभागाकडून ट्रॅक कोण झाडणार, आठवड्यातून किती वेळा, हे लेखी घ्यावं.