‘कोंबड्या एकूण किती?’ : लंगड्या कोंबड्यापायी मी कशी फसले

आमचा कोंबडा तीन वर्षांचा. अंगानं जड आणि चालण्यात मालकाचा तोरा, म्हणून त्याचं नाव शेठ. एका सकाळी तो खुराड्यातून उतरला तो डावा पाय टेकवेचना. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, पाय पोटाशी ओढून घ्यायचा. मी मांडीपासून खाली चाचपून पाहिलं. कुठं मोडल्यासारखं लागलं नाही, रक्तही नव्हतं. मुरगळला असेल म्हणून दोन दिवस तसेच जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी तो दाणेही बसूनच टिपायला लागला, तेव्हा माझा धीर सुटला. कुणीतरी एक नंबर दिला होता, ‘जुना जाणकार आहे, फोनवरच ओळखतो’ असं सांगून. तो लावला.

त्या माणसाचा पहिला प्रश्न होता, ‘ताई, कोंबड्या एकूण किती?’

कोणता पाय, कधीपासून, सूज आहे का, काही विचारलं नाही. मी भाबडेपणानं सांगितलं, बारा. मग त्यानं व्हिडिओ मागवला आणि पाच मिनिटांत निकाल दिला : ‘पायावरून वारं गेलंय. नसांचा रोग आहे, मॅरेक म्हणतात. आज एक, पंधरा दिवसांत सगळ्या.’

मी लगेच मोबाइलवर शोधलं. मॅरेक हा रोग खरा निघाला, विषाणूचा, पिसांच्या कोंड्यातून पसरणारा, पाय लुळे पाडणारा. त्याचं बोलणं जुळत गेलं आणि मी त्यातच अडकले. या रोगावर औषध नाही, लस आहे पण ती पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याआल्या द्यायची असते, हेही तिथंच लिहिलेलं होतं. ती ओळ मी वाचली नाही, की वाचूनही पुढं गेले, देव जाणे.

पैसे आगाऊ घेतले. शेठसाठी इंजेक्शन, बाकी अकरा जणींसाठी पाण्यात टाकायची पावडर. बाटलीवर घटकांचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. निळ्या पेनानं नुसतं ‘नस’ लिहिलेलं. हे डोळ्यांनी बघून मी सुई टोचली.

आणि दुसऱ्या दिवशी शेठ चालायला लागला! आरवलासुद्धा. मी त्या माणसाला फोन करून आभार मानले आणि पुढचा हप्ताही भरला. सहाव्या दिवशी पाय पहिल्यापेक्षा वाईट. बोटं सुजलेली, हाताला गरम लागत होती, खाणं सुटलेलं. त्याचं उत्तर तयारच होतं : ‘रोग जुना आहे ताई, मोठा डोस लागेल.’ मोठ्या डोसाचे पैसेही मोठे. मी तिथं थांबले ते शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, हातातले पैसे संपले म्हणून.

शेवटी पशुवैद्यकाकडे नेलं. डॉक्टरबाईंनी शेठला टॉवेलात गुंडाळला, उताणा धरला आणि सगळ्यात आधी तळवा बघितला. मधोमध शर्टाच्या बटणाएवढी काळी खपली, भोवती लाल, टणक सूज. ‘बम्बलफूट,’ त्या म्हणाल्या. उंच दांडीवरून जड पक्षी कडक जमिनीवर उतरत राहिला, किंवा तळव्यात कुसळ शिरलं, की कातडी फुटते आणि आत जंतू जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. पक्ष्याचा पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्ट गोळा होऊन बसतो. आपोआप निघत नाही.

मी मॅरेकचं विचारलं. त्यांनी शेठच्या पंजात स्वतःचं बोट दिलं. त्यानं घट्ट आवळलं. ‘नस गेली असती तर ही पकड राहिली नसती. तो बहुधा पहिल्या काही महिन्यांतल्या पक्ष्यांना होतो, आणि त्यात तळवा असा गरम लागत नाही.’ दोन मिनिटांचं काम. तळवा मी तीन दिवसांत एकदाही उलटून पाहिला नव्हता, आणि व्हिडिओत तो दिसणार कुठून!

मग दुसऱ्या दिवशी तो चालला कसा? बाटली बघून डॉक्टर म्हणाल्या, आत काय आहे ते सांगता येणार नाही, पण बहुधा वेदना मारणारं काहीतरी, स्टेरॉइड असू शकतं. दुखणं दबलं म्हणून त्यानं सगळा भार सडक्या तळव्यावर टाकला. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्तीही दबते, म्हणजे जंतूंना रान मोकळं. मी ज्याला गुण म्हणत होते त्यानंच पाय बिघडला होता.

पावडरीचा घोळ वेगळाच. औषध कोणतं ते माहीत नाही, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे कोण सांगणार? कित्येक दिवस रोजची अंडी पुरून टाकली. अकरा निरोगी कोंबड्यांना औषध पाजून!

शेठचा पाय कोमट पाण्यात भिजवून, जागा बधिर करून डॉक्टरांनी आतला गोळा काढला. घरी ब्लेडनं असलं काही करू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. वजन करून अँटिबायोटिक, ठरलेल्या दिवशी नवी पट्टी, जाड मऊ भुशावर एकटं ठेवणं. बाकीच्यांत सोडला असता तर लंगडा बघून त्यांनी टोचून हैराण केला असता. पाच आठवडे लागले. मधलं बोट अजून थोडं वाकडंच पडतं.

दांडी आता गुडघ्याच्याही खाली आणली आहे. दर रविवारी बाराही जणांचे तळवे उलटून बघते. शेठ त्या वेळी इतका बोंबलतो की बघणाऱ्याला वाटावं मीच त्याला फसवलंय.

महिन्याभरानं त्या नंबरावरून निरोप आला होता : ‘ताई, कोंबड्या किती राहिल्या?’