दुसरा कोस कोणी चालायचा? अटलांटातील चिक-फिल-ए

अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरात आम्ही राहायला आलो त्याला सहा वर्षे झाली आणि तेव्हापासून चिक-फिल-ए या चिकन सँडविच विकणाऱ्या अमेरिकी उपाहारगृह-साखळीच्या घराजवळच्या शाखेत आठवड्यातून एकदा तरी जाणे होतेच. येथील जेवणाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला पाहायचे आहे ते वेगळेच: ख्रिस्ती सेवाभावावर व्यवसाय उभा असल्याचे जी कंपनी उघडपणे सांगते, तिच्या काउंटरपलीकडे तो भाव कितपत उतरला आहे. मी वसईच्या ख्रिस्ती घरात वाढलो. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी धर्मगुरू गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात, हे लहानपणापासून पाहिले असल्यामुळे या बाबतीत माझी नजर थोडी चिकित्सक आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

जेवणाचे थोडक्यात सांगतो. कोंबडीच्या छातीचा हाडे काढलेला तुकडा मसालेदार पिठात घोळवून, दाबाखाली शेंगदाण्याच्या तेलात तळतात आणि लोणी लावून भाजलेल्या पावात काकडीच्या लोणच्याच्या दोन चकत्यांसह देतात. हा पदार्थ कंपनीचे संस्थापक ट्रुएट कॅथी यांनी १९६४ साली बाजारात आणला आणि आजही मागवावा तो हाच. (तळणाला शेंगदाण्याचे तेल वापरतात, हे ऐकल्यावर भारतातून आलेल्या आमच्या आईचा या देशाविषयीचा निम्मा आकस गेला.) शाकाहारी माणसाला मात्र बटाट्याचे जाळीदार काप, मॅक अँड चीज आणि सॅलड यांवरच भागवावे लागते.

कॅथी यांनी १९४६ साली अटलांटाजवळच्या हेपव्हिल येथे पहिले छोटे उपाहारगृह काढले, तेव्हापासूनच रविवारची सुट्टी पाळली. आज तीन हजारांहून अधिक शाखा असूनही ती प्रथा टिकून आहे, आणि आठवड्यातील सर्वांत मोठ्या गल्ल्याच्या दिवसांपैकी एकावर पाणी सोडणे हा कोणत्याही व्यापाऱ्याच्या लेखी साधा निर्णय नव्हे. तरीही १७ डिसेंबर २०१७ रोजी अटलांटाच्या विमानतळाची वीज गेली आणि हजारो प्रवासी अडकून पडले, तेव्हा रविवार असूनही कंपनीने त्यांच्यासाठी जेवण पाठवले. शब्बाथ (आठवड्यातील विश्रांतीचा पवित्र दिवस) माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नव्हे, हे येशूचे वचन ज्याने ऐकले आहे त्याला यात विसंगती दिसणार नाही.

कंपनीने आपला उद्देश १९८२ साली लिहून ठेवला: सोपवलेल्या प्रत्येक गोष्टीचे विश्वासू कारभारी होऊन देवाचा गौरव करणे आणि संपर्कात येणाऱ्या प्रत्येकावर चांगला प्रभाव पाडणे. असे फलक कार्यालयांत लावण्यात काही कठीण नसते. मी पूर्वी ज्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो, तेथील व्यवस्थापकाने सेवक-नेतृत्वाच्या (म्हणजे वरिष्ठाने हाताखालच्यांचा सेवक होऊन नेतृत्व करण्याच्या) दोन दिवसांच्या कार्यशाळेवरून परतल्यावर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता सोमवारी सकाळी द्यायचे काम आमच्या टेबलांवर ठेवले आणि स्वतः सरोवरावर मासेमारीला गेला. त्यामुळे फलकाकडे न बघता, गर्दीच्या वेळी वरिष्ठ नेमका कुठे उभा असतो ते बघण्याची मला सवय लागली आहे.

गेल्या नोव्हेंबरात एका पावसाळी संध्याकाळी मला ते पाहायला मिळाले. येथे गाड्यांच्या दोन रांगा असतात आणि कर्मचारी हातात टॅब्लेट घेऊन रांगेतच उभ्याने ऑर्डर घेतात. सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी ओल्या कोटात उभी होती आणि तिची बोटे गारठल्यामुळे पडद्यावर नीट उमटत नव्हती. तेवढ्यात शाखेचा चालक, म्हणजे कंपनीशी करार करून ती शाखा चालवणारा माणूस, आतून आला, तिच्या हातातील टॅब्लेट घेतला, तिला आत जाऊन काहीतरी गरम प्यायला सांगितले आणि तिच्या जागी स्वतः उभा राहिला. माझी ऑर्डर त्यानेच घेतली. चष्म्यावरचे पाणी तो बाहीने पुसत होता. मी आभार मानले तेव्हा, सर्व कर्मचारी म्हणतात तेच, ‘माय प्लेझर’, तोही म्हणाला. बायबलचा शब्दही त्याच्या तोंडी आला नाही. पंधरा मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो तरी तो तेथेच होता.

अपेक्षेपेक्षा अधिक सेवा देण्याला ही कंपनी ‘दुसरा मैल’ म्हणते: टेबलापाशी येऊन पेय पुन्हा भरून देणे, वृद्धांचा ट्रे उचलून नेणे, छत्री धरून गाडीपर्यंत सोडणे. हा शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानातील आहे. आपल्या मराठी बायबलात तेथे ‘कोस’ आहे, आणि तो कोस वेठीचा आहे. रोमी शिपाई वाटेवरच्या कोणालाही धरून आपले ओझे वाहायला लावू शकत असे. त्याच्याबरोबर आपखुशीने आणखी एक कोस जा, असे येशू सांगतो. म्हणजे दुसरा कोस स्वेच्छेचा असेल तरच त्याला अर्थ आहे. तासावर पगार घेणाऱ्या मुलीला तो नियमपुस्तकातून चालायला लावला, तर ती पुन्हा वेठच होते. चालक स्वतः पावसात उतरतो, तेव्हा मात्र त्या शब्दाचा मूळ अर्थ परत येतो.

म्हणूनच वरच्या पातळीवरील एक गोष्ट मला खटकते. जून २०२० मध्ये कंपनीचे तत्कालीन प्रमुख आणि ट्रुएट यांचे पुत्र डॅन कॅथी यांनी एका चर्चमधील संवादात, कृष्णवर्णीयांवरील अन्यायाविषयी बोलताना, त्याच समाजातील रॅप गायक लेक्रे यांचे बूट सर्वांदेखत ब्रशने साफ केले. हेतू पाय धुण्याच्या प्रसंगाचे स्मरण करून देण्याचा होता हे उघड आहे, आणि त्यांच्या मनाविषयी मी शंका घेत नाही. परंतु कॅमेऱ्यासमोरचे ते ब्रश मारणे आणि पावसात टॅब्लेट हाती घेणे यांत मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, कारण दुसऱ्या कृतीने कोणाचे तरी ओझे खरोखर हलके झाले. समलिंगी विवाहाच्या विरोधात याच डॅन कॅथींनी २०१२ साली केलेल्या विधानांमुळे अनेकांनी या उपाहारगृहाकडे पाठ फिरवली. त्यांचे दुखणे मी समजू शकतो, आणि ‘प्रत्येकावर चांगला प्रभाव’ या शब्दांशी ती विधाने ताडून पाहण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

कराराची बाजूही विचार करण्यासारखी आहे. चालकाला सुरुवातीला केवळ १० हजार डॉलर भरावे लागतात, जे अमेरिकेतील इतर साखळ्यांच्या तुलनेत फारच कमी आहे, आणि त्याने स्वतः दुकानात राबावे अशी अपेक्षा असते. मात्र जागा आणि यंत्रे कंपनीची राहतात, आणि शाखा त्याला विकताही येत नाही किंवा मुलांच्या नावेही करता येत नाही. ‘कारभारी’ हा शब्द येथे अगदी अक्षरशः लागू पडतो. भांडवल नसलेल्या कष्टाळू माणसासाठी हे दार मोठे आहे. पण वीस वर्षे पावसात उभे राहिल्यावरही छप्पर दुसऱ्याचेच राहते, हेही तितकेच खरे.

जेवणाला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन आणि सेवेला साडेचार. दुपारी बारा ते दीड या वेळेत जाणे टाळावे. रविवारचा तर प्रश्नच नाही. शक्य असल्यास पाऊस पडत असताना जाऊन गाडी रांगेत लावावी. बाहेर टॅब्लेट घेऊन कोण उभे आहे, ते काच खाली करताच दिसते.