हिवाळ्यात मोटरहोमने दक्षिणेला: खासगी पार्कात नोकरी की स्टेट पार्कात कॅम्प होस्ट?

निवृत्तीनंतर मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घ्यायची, थंडी पडायला लागली की उत्तरेतून निघायचं, टेक्सास, फ्लोरिडा नाहीतर ॲरिझोना गाठायचं आणि जागेचं भाडं कामाने फेडायचं, हा बेत आता आपल्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत शिजतो आहे. गाडी मोठी क्लास ए घ्यावी की त्याहून लहान सी, यावर सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून तो विषय मी सोडतो. ज्यांचं वर्ककॅम्पिंगचं, म्हणजे गाडीत राहून असं काम करायचं, नक्की झालंय त्यांच्यापुढे खरा प्रश्न त्यानंतर येतो. खासगी आरव्ही पार्कात, म्हणजे अशा गाड्या भाड्याने उभ्या करायच्या ठिकाणी, पगारी काम धरायचं, की स्टेट पार्कात स्वयंसेवक म्हणून कॅम्प होस्ट, म्हणजे तिथेच राहून कॅम्पग्राउंडची देखभाल करणारे, व्हायचं? आम्ही नवराबायकोने दोन्ही केलं आहे, तेही एकाच भागात, टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टच्या आसपास. तेवढ्या अनुभवावर ही तुलना करतो आहे. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी एक महत्त्वाचं. ही वाट अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. कॅनडातून हिवाळ्यापुरते येणारे, किंवा व्हिजिटर व्हिसावर मुलांकडे आलेले आईवडील, यांनी "पैसे कुठे घेतोय, नुसती जागा तर घेतोय" असं म्हणून यात पडू नये. कामाच्या बदल्यात मिळालेली जागा हाही मोबदलाच धरला जातो.

आता पैशांचं. खासगी पार्कात साधारण दोन पद्धती दिसतात. एकीत आठवड्याचे काही तास जागेपोटी आणि त्यावरचे पगारी. दुसरीत सगळेच तास पगारी आणि जागेचं भाडं पगारातून वजा. मला दुसरी बरी वाटते, कारण आपल्या तासाला काय भाव मिळतोय ते कागदावर दिसतं. राज्याप्रमाणेही फरक पडतो. टेक्सासचं किमान वेतन अजून तासाला ७.२५ डॉलरच आहे, फ्लोरिडात ते सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस १४ डॉलर झालं. बरीच पार्कं किमान वेतनाच्या वर देतात, पण सुरुवात कुठून होते ते यावरून कळावं. पूर्ण निवृत्तीवयाच्या आधी सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, घेत असाल तर कमाईच्या मर्यादेकडे लक्ष ठेवा. २०२५ साली ती २३,४०० डॉलर होती, आणि त्यापुढच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर अडकवून ठेवतात. जागेपोटी केलेल्या कामाचं कराच्या दृष्टीने काय होतं, तेही करसल्लागाराला आधीच विचारावं.

स्टेट पार्कात हातात काहीच येत नाही. जागा, वीज, पाणी फुकट, त्याबदल्यात टेक्सासमध्ये आठवड्याला साधारण २५ तास. नुसता हिशेब मांडला तर खासगी पार्क सरळ पुढे आहे. मिशिगनहून किनाऱ्यापर्यंत येताना मोटरहोम गॅलनला दहा मैल देईना, तेव्हा जाण्यायेण्याचं पेट्रोल तरी पगारातून सुटावं असं वाटणं साहजिक आहे. आम्ही आधी तिकडे वळलो ते याच विचाराने.

कामाचं स्वरूप म्हणाल तर दोन्हीकडे कुणी आपल्याला मोडून काढत नाही. खासगी पार्कात ही ऑफिसात असायची: आलेल्यांची नोंद, फोन, पुढच्या हिवाळ्याचं बुकिंग. माझ्याकडे बाहेरची कामं. गोल्फ कार्टने पुढे जाऊन नव्या गाड्या जागेवर लावून द्यायच्या, गवत कापायचं, लाँड्रीची खोली आणि शॉवर साफ ठेवायचे. स्टेट पार्कात शेकोटीच्या कड्यांतली राख काढायची, रिकाम्या झालेल्या साइट पाहून घ्यायच्या, जळाऊ लाकूड विकायचं, आणि रात्री दहानंतर कुणाचा जनरेटर चालू असला तर शांतपणे जाऊन सांगायचं. ऐकलं नाही तर रेंजरला फोन करायचा. दटावण्याचं काम होस्टचं नाही, हे तिथे पहिल्याच दिवशी सांगतात आणि ते मला आवडलं. स्वच्छतागृहं दोन्हीकडे साफ करावी लागतात. ज्याला ते जमणार नाही त्याने दोन्हीच्या नादाला लागू नये.

शेजाराच्या बाबतीत खासगी पार्क जास्त जिवंत. पंचावन्नच्या वरच्यांसाठी असलेल्या पार्कात हॉल असतो, पत्ते चालतात, पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) होतं, आणि तेच लोक नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत असल्याने ओळखी घट्ट होतात. हिने केलेले पोहे पहिल्या पॉटलकला संपले, नंतर लोक आठवण करून द्यायला लागले. स्टेट पार्कात माणसं दोन-चार रात्री राहून जातात. ओळख होते आणि तुटते. एकटं वाटणाऱ्या स्वभावाच्या माणसाने हे मनात धरावं.

इतकं सगळं खासगी पार्काच्या बाजूने असताना आम्ही तिकडून बाहेर पडलो ते एका गोष्टीपायी. आमच्या सुट्ट्या एका दिवशी येत नव्हत्या.

करारात आठवड्याचे तास लिहिलेले होते, वार नव्हते. ऑफिस सातही दिवस उघडं. हिच्या पाळ्या गुरुवार ते रविवार, माझ्या रविवार ते बुधवार. म्हणजे मी मोकळा तेव्हा ही कामावर, आणि ही मोकळी तेव्हा मी. फक्त रविवारी तेवढे दोघंही कामावर. दोघांसाठी छोटी गाडी एकच, मोटरहोमच्या मागे ओढून आणलेली. दुर्बीणही एकच. ती गाडीच्या पुढच्या कप्प्यातच राहायची, ज्याची सुट्टी असेल त्याने न्यायची.

रॉकपोर्टहून गाडीने तासाभराच्या आत अरान्सास नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज हे अभयारण्य आहे. व्हूपिंग क्रेन, अमेरिकेतला सर्वांत उंच पक्षी, कॅनडातल्या वुड बफेलो नॅशनल पार्कात अंडी घालतो आणि अडीच हजार मैल उडून हिवाळ्याला इथे येतो. १९४१ साली हा कळप पंधरा-सोळा पक्ष्यांवर आला होता, आज तो पाचशेच्या वर गेलाय. खाडीच्या दलदलीत नर, मादी आणि असलंच तर त्या वर्षीचं तपकिरी छटेचं पिल्लू, असं कुटुंब आपापली हद्द धरून निळे खेकडे वेचत फिरतं. मला ते एका शुक्रवारी दिसलं. ही नंतर मंगळवारी एकटी गेली, तेव्हा धुकं होतं. त्यानंतर आम्ही जेवताना ते मी हिला वर्णन करून सांगत होतो. हे बघायला आम्ही दोघं इतक्या लांब आलो होतो.

संक्रांतीचंही तसंच. ह्यूस्टन तिथून तीन तासांवर. मंडळाचा कार्यक्रम शनिवारी, हळदीकुंकवाला जायचं ते हिला, आणि शनिवारी ऑफिसात हीच. वाणसामान आणायला ह्यूस्टनमध्ये हिलक्रॉफ्टच्या भारतीय दुकानांत जायचं तर तेही मी एकट्याने. मॅनेजरशी बोललो. माणूस चांगला होता, दोनदा बदल करूनही दिला. पण जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे त्यांचा ऐन हंगाम, आणि जोडपं कामावर ठेवण्याचा त्यांचा फायदाच मुळी हा की एका जागेच्या भाड्यात दोन माणसं मिळतात, दोन वेगवेगळ्या दिवसांना लावता येतात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नाही. सगळीच पार्कं असं करतात असंही माझं म्हणणं नाही. तरी नंतर भेटलेल्या जोडप्यांकडून हीच तक्रार इतक्या वेळा ऐकली की हा एका मॅनेजरचा स्वभाव नसून या व्यवस्थेचाच भाग असावा, असं मला वाटू लागलंय.

स्टेट पार्कात होस्टची जागा जोडप्याला मिळते आणि आमच्या पार्कात तास दोघांचे मिळून धरतात. कुणी किती करायचे ते आपण आपसांत ठरवायचं. दुसरं होस्ट जोडपं असलं की दिवस आलटूनपालटून, त्यामुळे आमचे मोकळे दिवस एकत्र आणि सलग येतात. हिच्या गुडघ्याने त्रास दिला तेव्हा राखेचं काम मी केलं, हिने नोंदी पाहिल्या. कुणाची परवानगी लागली नाही. एका मोकळ्या सकाळी फुल्टनहून निघणाऱ्या बोटीवर दोघं गेलो. पिल्लू आईच्या मागे मागे चिखलात चोच घालत होतं आणि दुर्बीण आम्ही एकमेकांच्या हातातून ओढत होतो. गूज आयलंड स्टेट पार्कातलं ते हजारहून जास्त वर्षांचं ओकचं झाडही तसंच, कुठेही परतायची घाई नसताना पाहिलं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

स्टेट पार्काच्या अडचणीही सांगायला हव्यात. होस्टच्या जागेला सांडपाण्याची जोडणी असेलच असं नाही. ट्रेलरवाल्यालाही हे जड जातं, पण मोटरहोमवाल्याला जास्त खुपतं. टाकी भरली की घरच चालवत डंप स्टेशनला, म्हणजे टाकी रिकामी करायच्या जागी, न्यायचं, म्हणजे कपाटं बंद करा, स्लाइड (बाहेर सरकवलेला खोलीचा भाग) आत घ्या, वायर-पाइप काढा, पुन्हा येऊन सगळं मांडा. चाकांची वेगळी टाकी घेतली की हे बरंच हलकं होतं, तरी अर्ज करतानाच विचारून घ्यावं. जुन्या साइटवर तीस अँपची वीज असते. तीस अँप म्हणजे ३,६०० वॉट. हीटर आणि इन्स्टंट पॉट एकदम लावून मायक्रोवेव्ह सुरू केला की वीज गेलीच. मार्चात स्प्रिंग ब्रेकला, शाळा-कॉलेजांच्या सुट्टीत, गर्दी उसळते आणि तेव्हा २५ तास पुरत नाहीत. पार्श्वभूमी तपासणी होते, तिला वेळ लागतो. आणि चांगल्या जागा लवकर भरतात, फ्लोरिडात तर फारच. पुढच्या हिवाळ्याचं या हिवाळ्यातच विचारायला लागा.

फेडरल ठिकाणंही आहेत: वाइल्डलाइफ रेफ्यूज, आर्मी कोअरची, म्हणजे लष्कराच्या अभियंता विभागाची, तळ्याकाठची कॅम्पग्राउंडं. जाहिराती सरकारच्या व्हॉलंटियर संकेतस्थळावर येतात. तिथे २५० तास भरले की फेडरल पार्कांच्या प्रवेशाचा वर्षाचा पास मिळतो. स्टेट पार्कातले तास त्यात धरत नाहीत. अर्थात बासष्टच्या पुढे असाल तर ८० डॉलरचा आयुष्यभराचा सीनियर पास घेऊन मोकळे व्हा.

गाडीचा हप्ता चालू असेल, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) लागायला अवकाश असेल आणि दर महिन्याला काहीतरी हातात यायलाच हवं असेल, तर खासगी पार्क धरा. त्यात कमीपणा काही नाही. एकटं माणूस असेल तरीही मी तेच सुचवेन: सुट्ट्यांचा प्रश्न येत नाही आणि सोबत मिळते. मात्र पैशांची निकड नसलेलं जोडपं मला विचारेल तर माझा कल लपत नाही. काही वर्षांनी हातपाय इतके चालतील की नाही कुणास ठाऊक. ते दिवस पाळ्या जुळवण्यात घालवावेत असं मला वाटत नाही.

प्रवासाचं एवढंच, की कामाची तारीख ठरलेली असल्याने थंडी गाठते. आम्ही सिनसिनाटी, लुईव्हिल, नॅशव्हिल, मेम्फिस, लिटल रॉक असे उतरतो आणि टेक्सारकाना ओलांडेपर्यंत पाइप गोठू नयेत म्हणून घातलेलं गुलाबी अँटिफ्रीझ काढत नाही. वाटेत पाणी कॅनमधून वापरतो. मेडिकेअर ॲडव्हान्टेजचा एचएमओ, म्हणजे ठरावीक डॉक्टरांच्या नेटवर्कपुरता विमा, असेल तर दक्षिणेत तुमचे डॉक्टर नेटवर्कबाहेर जाऊ शकतात. ते निघण्याआधी बघा.

आणि खासगी पार्काशीच बोलणी चालली असतील तर पगाराच्या आधी विचारा: आम्हा दोघांना सुट्टी एकाच दिवशी मिळेल का, आणि मिळणार असेल तर वारांसकट करारात लिहून द्याल का? काही पार्कं देतात. तसं लेखी मिळालं, तर मी वर लिहिलेल्यातलं अर्धं तुम्हाला लागू नाही. मग खुशाल पगार घ्या.