दहापट भिंग आणि जमैकन डबच्या जुन्या रेकॉर्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

सराफ वापरतात ते घडीचं दहापट भिंग मी एकाच कामासाठी घेतलं. सत्तरच्या दशकातल्या जमैकन डब सिंगल्सचा निर्माता कोण, ते शोधायला. (डब म्हणजे रेगे गाण्यातला गळा बराचसा गाळून, उरलेल्या वाद्यांचं नव्याने केलेलं मिक्स.) लेबलच्या भरवशावर हे होत नाही. बी-साइडला नुसतं 'व्हर्जन' छापलेलं असतं, लंडनला आलेल्या कित्येक प्रतींचं लेबल तर साफ कोरं. कामाची माहिती असते ती शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात, कुणीतरी हाताने कोरलेली.

काच उत्तम आहे, कडेलाही अक्षर फाटत नाही. त्यातले एलईडी दिवे मात्र बिनकामाचे. उजेड सरळ वरून पडतो, सावली धरत नाही आणि उथळ अक्षरं काळ्या चकाकीत हरवतात. दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च रेकॉर्डच्या पातळीत आडवा धरा, तीच अक्षरं लख्ख उठतात. शिवाय दहापटीला भिंग रेकॉर्डपासून जेमतेम इंचभर लांब ठेवावं लागतं आणि एका वेळी दोन-तीनच अक्षरं दिसतात. लांबलचक क्रमांकाला पाचपटीचं बरं.

एकदा वाचता आलं की मजा आहे. 'डीएसआर' म्हणजे डायनॅमिक साउंड्स, 'एफआरएम' म्हणजे फेडरल, दोन्ही किंग्स्टनच्या रेकॉर्ड कंपन्या. डीएसआरपुढे पुष्कळदा निर्मात्याची आद्याक्षरं: 'बीएल' बनी ली, 'एलपी' ली पेरी. (एलपी म्हणजे एरवी बारा इंची लाँग-प्ले, त्यामुळे सात इंची रेकॉर्डवर ती अक्षरं बघून नवखे हमखास चक्रावतात.) माझ्याकडच्या एका प्रतीवर जुना क्रमांक रेघोट्यांनी खोडून शेजारी नवा कोरलाय, लेबलवर त्याचा पत्ताच नाही. पण जुन्याच साच्यावरून वर्षानुवर्षांनी पुन्हा प्रती काढल्या जात, तेव्हा क्रमांक बघून 'ओरिजिनल प्रत' म्हणून जादा पैसे मोजू नका.

भिंगाची खरी मर्यादा पुढे आहे. जमैकात निर्माता म्हणजे स्टुडिओचं भाडं आणि वादकांची बिदागी देऊन टेप घेऊन जाणारा माणूस. मिक्स करणारा वेगळा, आणि तो कोरलेल्या अक्षरांत सापडत नाही. बनी लीच्या टेप किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात, ड्रॉमिली अ‍ॅव्हेन्यूवर किंग टबी या मिक्सिंग इंजिनिअरच्या स्टुडिओत जायच्या. तिथून आलेल्या मालावर नाव टबीचं, पण त्या मिक्सिंगच्या टेबलावर फिलिप स्मार्ट बसले, प्रिन्स जॅमी बसले, पुढे सायंटिस्टही. खालचे सूर गाळत नेणारा तो प्रसिद्ध फिल्टर ऐकून 'हा टबीच' असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. अहो, तो फिल्टर डायनॅमिककडून घेतलेल्या एमसीआय मिक्सरमधला. त्यावरून फार तर खोली कळते, हात कळत नाही. काळाची चाळणी त्यापेक्षा भरवशाची: १९७४च्या मिक्सवर सायंटिस्टचं नाव कुणी लावलं, तर तेव्हा त्याचं वय चौदा होतं एवढंच सांगायचं. जॅमी की टबी, हे मला आजही बऱ्याच सिंगल्सवर ठरवता येत नाही. भिंगाकडून ती अपेक्षाही नाही.

पाचपैकी चार तारे. घेणार असाल तर बिनदिव्याचं घ्या, स्वस्तही पडतं. आणि ग्रीनस्लीव्ह्ज या लंडनच्या रेकॉर्ड कंपनीच्या १९८१ सालच्या सायंटिस्टच्या एलपीच जमवत असाल, तर घेऊच नका. निर्माता हेन्री 'जुंजो' लॉज की लिनव्हल थॉम्पसन, वादक रूट्स रॅडिक्स, हे तिथे कव्हरवरच छापलेलं आहे.