विमा नसलेला मिस्त्री, विमा असलेला ठेकेदार की रोजंदारीची माणसे: घराच्या दुरुस्तीत मजूर पडला तर भार कोणावर?

पुण्यात सहकारनगर किंवा कोथरूडमधल्या एखाद्या जुन्या दुमजली बंगल्याला बाहेरून रंग द्यायचा आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यायचे ठरले की घरमालकासमोर साधारणपणे तीन मार्ग असतात. ओळखीच्या मिस्त्रीला काम उक्ते द्यावे, ज्याच्याकडे बहुधा मजुरांचा विमा नसतो. विमा असलेल्या ठेकेदाराला चढ्या दराने द्यावे. किंवा वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून माणसे आणून स्वतःच देखरेख करावी. दरपत्रकात दिसतो तो फक्त रुपयांचा फरक. परांचीवरून माणूस खाली आला तर त्याच्या घरच्यांना कोण सांभाळणार, हा प्रश्न दर ठरवण्याआधी विचारला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रोजंदारीचा मार्ग सर्वांत स्वस्त वाटतो आणि माझ्या मते तोच सर्वांत जोखमीचा आहे. हजेरी आपण लावतो, मजुरी आपण देतो, कुठे चढायचे तेही आपणच सांगतो. मध्ये दुसरे कोणी नसल्यामुळे नियोक्ता म्हणून बोट आपल्याकडेच वळते. 1923 च्या भरपाई कायद्यातून, म्हणजे कामावर मजूर जखमी झाला किंवा दगावला तर मालकाला भरपाई द्यायला लावणाऱ्या कायद्यातून, पूर्वी अशी नैमित्तिक, मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कामावरची माणसे वगळलेली होती, पण ती सवलत 2000 च्या दुरुस्तीने काढून टाकली गेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, म्हणून त्यानंतरच्या अपघाताबाबत संहितेतील व्याख्या वकिलाकडून तपासून घ्याव्यात.

रकमेचा अंदाज यावा म्हणून जुन्या कायद्याचा हिशेब पाहू. त्यात मासिक वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जाई. तीस वर्षांचा मजूर दगावल्यास या वेतनाच्या निम्म्या रकमेला 207.98 या वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, म्हणजे भरपाई 15,59,850 रुपये होते. महिन्याभरात ती दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड. मृत्यूच्या बाबतीत मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे.

विमा नसलेल्या मिस्त्रीला काम उक्ते दिले तर कायद्याच्या दृष्टीने घरमालकाची बाजू बरीच बळकट होते. जुन्या कायद्याच्या कलम 12 नुसार ठेकेदाराच्या मजुराची भरपाई काम देणाऱ्याकडे मागता येई, पण ते काम त्याच्या व्यवसायाच्या ओघात किंवा व्यवसायासाठी दिलेले असेल तरच. स्वतः राहण्याच्या घराला रंग देणे हा व्यवसाय नव्हे. मात्र त्याच बंगल्यात विद्यार्थ्यांसाठी पीजी चालवले जात असेल, आणि पुण्यात असे बंगले पुष्कळ आहेत, तर हा बचाव डळमळीत होतो. शिवाय काम नावापुरते उक्ते आणि प्रत्यक्षात मजुरांना रोजचे पैसे मालकाच्या हातून, अशी रीत असेल तर कागदावरचा उक्तेपणा कितपत टिकेल याची शंकाच आहे.

‘अपघात झाल्यास घरमालक जबाबदार नाही’ असे मुद्रांकावर लिहून घेण्याची पद्धत सर्रास आढळते. मजुराने भरपाईचा हक्क सोडल्याचा असा करार त्याच जुन्या कायद्याच्या कलम 17 नुसार निरर्थक होता. मिस्त्रीने घरमालकाला नुकसानभरपाईची हमी लिहून देणे वैध असते, पण ज्याच्याकडे स्वतःची शिडी सोडून फारसे काही नाही त्याच्या हमीतून पंधरा लाख कसे उभे राहणार? तेव्हा जखमी माणसाचा वकील निष्काळजीपणाच्या दाव्यात घरमालकालाही ओढतो. सज्ज्याजवळून वीजवाहिनी जाते हे ठाऊक असूनही महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतला नाही, किंवा कुजका कठडा माहीत असून सांगितला नाही, तर ती चूक मालकाची स्वतःची ठरू शकते आणि कोणताही ठेका ती झाकत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

विमा असलेल्या ठेकेदाराचा दर जास्त असतो, पण त्यात मजुराच्या भरपाईसाठी खरोखर पैसे देऊ शकणारी कंपनी मागे उभी असते. अट एकच, पॉलिसी उघडून वाचावी. बाजारात तिला अजून ‘डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) पॉलिसी’ म्हणतात. तिच्यावरचे नाव आपल्याशी करार करणाऱ्याचेच आहे का, मुदत काम संपेपर्यंत आहे का, आपल्या घराचा पत्ता कामाचे ठिकाण म्हणून धरला आहे का, उंचीवरचे काम त्यात बसते का आणि माणसांची व मजुरीची नोंद खरी आहे का, हे पाहावे. दोन माणसे दाखवून पाच चढवली तर दाव्याच्या वेळी अडचण येणारच. रंगाचे काम पुढे दुसऱ्या मुकादमाला दिले जाणार असेल तर उपठेकेदाराच्या मजुरांचा समावेश आणि औषधोपचाराच्या खर्चाची वाढीव तरतूद मागून घ्यावी. आपल्या घराचा विमा येथे उपयोगी पडेल असे मानू नये. ‘भारत गृह रक्षा’ ही मूलतः इमारतीची आणि घरातील सामानाची पॉलिसी आहे.

आपला जुना मिस्त्री सोडवत नसेल, आणि चांगल्या हाताचा माणूस सोडवत नाही हे मी समजू शकतो, तर ही पॉलिसी त्याच्या नावाने काढून हप्ता आपण भरावा. ती आपल्या नावाने काढण्यात एक खोच आहे: असा विमा विमाधारकाचे स्वतःच्या कर्मचाऱ्यांबाबतचे दायित्व उचलतो, त्यामुळे मिस्त्रीचे मजूर त्यात स्पष्टपणे घातलेले नसतील तर त्यांना काहीच मिळणार नाही. हप्ता मजुरीच्या बेरजेवर ठरतो, म्हणून महिनाभराच्या कामाला तो डोईजड होत नाही. प्रत्येक मजुराच्या बँक खात्यावर वर्षाला 20 रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही असावा. अपघाती मृत्यूला त्यातून 2 लाख मिळतात. त्याने कोणाचे कायदेशीर दायित्व संपत नाही, पण घरच्यांना आधार होतो.

मिस्त्री पॉलिसीला तयारच होत नसेल तर कामाचे दोन भाग करावेत. आतल्या भिंती, दारे-खिडक्या आणि फरशी त्याच्याकडे राहू द्यावी. परांची, झुला आणि गच्चीच्या कडेचे प्रत्येक काम विमा दाखवणाऱ्या ठेकेदाराला वेगळ्या कराराने, चढा दर मान्य करून द्यावे.