वर साधी कवळी, खाली दोन इम्प्लांटवरची: दीड वर्षाचा अनुभव आणि दहा वर्षांचा हिशोब

आमच्या नात्यात पूर्ण दात बसवायचे तिन्ही प्रकार आहेत. थोरल्या जाऊबाईंना साधी कवळी आहे, मावसभावाला वर-खाली फिक्स दात आहेत, आणि मी मधला मार्ग धरलाय. माझी वरची कवळी साधी आहे, खालची दोन इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात घातलेल्या स्क्रूंवर बसते. दीड वर्ष होत आलं वापरून. पहिल्या बिलानंतर काय काय खर्च येतो हे त्यामुळे जवळून बघायला मिळालं. दवाखान्यातल्या कोटेशनमध्ये ते कुठेच नसतं, म्हणून लिहायला घेतलं.

कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरी भागात मी चौकशी केली तेव्हा साध्या कवळीचा सेट पंचवीस-तीस हजारांत सांगत होते. माझं सगळं मिळून एक लाख दहा हजारांत झालं. भावाचं सहा लाखांवर गेलं. एवढेच आकडे बघितले तर कुणीही साधी कवळीच घेईल. पण दात एकदा बसवून काम संपत नाही.

जाऊबाईंचंच बघा. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. कवळी आहे तशीच राहते, तिच्याखालची हिरडी बसत जाते. मग कवळी सैल होते, घासते, फोड येतात. दर दोन-तीन वर्षांनी आतून नवीन थर देऊन घ्यावा लागतो, त्याला रिलाइन म्हणतात, आणि सहा-सात वर्षांत नवा सेट करावाच लागतो. त्यात चिकटवायच्या पेस्टची भर. महिन्याला अडीचशे रुपयांची ट्यूब कुणाला जाणवत नाही, पण दहा वर्षांत ते तीस हजार होतात. एका नव्या कवळीचे पैसे नुसते पेस्टमध्ये! सगळं धरून साधी कवळीही दहा वर्षांत लाखाच्या घरात जाते. आणि एवढं करून त्या मटणाच्या जेवणाला नुसता पांढरा रस्सा पितात, फोडी बाजूला काढतात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो, ती हवेच्या ओढीने चिकटून राहते. खालची नालेच्या आकाराची, त्यात जीभ सारखी हलणार. त्रास असतो तो खालीच, त्यामुळे पैसेही खालीच घालावेत असं माझं ठाम मत झालंय. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीही हेच सांगितलं होतं, की बिनदाताच्या खालच्या जबड्याला दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा.

माझ्या खालच्या हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू आहेत. ते हाडात धरायला तीन-चार महिने जातात, तोवर जुनीच कवळी वापरायची. मला शुगर आहे, ती आटोक्यात आल्याशिवाय डॉक्टरांनी हात लावला नाही, आणि ते योग्यच केलं. स्क्रूच्या वर छोटी बटणं आहेत, कवळीच्या आत नायलॉनच्या रिंगा. कवळी बसली की ‘टच्’ असा आवाज येतो. माझ्या प्रकारात निळी रिंग हलकी धरते, गुलाबी त्याहून घट्ट, पांढरी सगळ्यांत घट्ट. मला सुरुवातीला निळ्या लावल्या होत्या, आता गुलाबी आहेत. या रिंगा झिजतात, साधारण वर्षाने बदलाव्या लागतात. कवळी बोटांनी दाबून सरळ बसवायची. दातांनी चावून बसवली की रिंगा फार लवकर जातात.

रिंगा, सफाई आणि एक्स-रे धरून मला वर्षाला चारेक हजार लागतात. सात-आठ वर्षांनी नवा सेट होईल, स्क्रू तेच राहतील. मधे एखादं रिलाइन धरलं तर दहा वर्षांचे दोन लाखांच्या आसपास. म्हणजे जाऊबाईंच्या दुप्पट, पण भाकरी-झुणका, मटण, चुरमुरे सगळं खाते. भडंग मात्र जपून, त्यातले शेंगदाण्याचे कण खाली अडकतात. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवते. पाणी साधंच, गरम पाण्यात कवळी वाकडी होते.

भावाचे दात उत्तमच आहेत, ते काढायचे नाहीत, बोलताना कळतही नाही. एका जबड्याला चार इम्प्लांट, मागचे दोन तिरपे घातलेले, म्हणजे हाड कमी असलं तरी बहुतेकदा भागतं. हाताशी पैसे असतील तर जरूर करावं. पण त्याने पुण्याला करून घेतलं, आणि आता स्क्रू ढिला झाला किंवा पुढचा दात उडाला की पुण्याला जायचं. गाडी, दिवस, सोबतीला माणूस, हेही खर्चात धरा. वर्षातून एकदा पूर्ण ब्रिज, म्हणजे स्क्रूंवर बसवलेली दातांची एकसंध पट्टी, उघडून सफाई करतात. आठ-दहा वर्षांत त्या ब्रिजवरचे ॲक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकचे दात बदलावे लागतील, त्याला पुन्हा लाख-दीड लाख. झिरकोनिया, म्हणजे सिरॅमिकचा कडक प्रकार, जास्त टिकतो, पण तडा गेला तर बहुधा ब्रिज नवाच करावा लागतो. दहा वर्षांचे आठ लाख तरी धरून चाला. आरोग्य विम्यात अपघात सोडून दातांचा खर्च सहसा मिळत नाही, तेव्हा हे सगळं खिशातूनच.

बजेट फारच कमी असेल तर डेंटल कॉलेजला जा. वेळ जास्त जातो, पण खर्च पुष्कळ कमी येतो आणि काम शिक्षकांच्या नजरेखाली होतं.

इम्प्लांट करणार असाल तर कंपनीचं नाव, जाडी आणि लांबी लिहिलेलं स्टिकर मागून घ्या आणि फाईलला लावून ठेवा. एका दवाखान्यात मला नाव न सांगताच स्वस्तात करून देतो म्हणाले, मी तिथून उठले. पाच वर्षांनी त्या स्क्रूला बसणारी रिंग मिळाली नाही तर कुठला डॉक्टर काय करणार? गॅरंटीचंही लेखी घ्या. बहुतेकदा ती फक्त स्क्रूची असते. पुन्हा ऑपरेशन लागलं तर त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे आधीच विचारा.